सासूबाईंची गाडीतली झोप

धुलाईच्या कारखान्यात सगळे त्याला तुफान म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. काम तसं साधंच. इस्पितळांतल्या आणि हॉटेलांतल्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या नेऊन पोचवायच्या. पण तो हे काम असं करायचा, की बघणाऱ्याला वाटावं कुठेतरी आग लागलीय आणि हाच पाणी घेऊन निघालाय. सिग्नल तांबडा असतानाच त्याची गाडी गुरगुरायला लागे, हिरवा झाला की उडी मारून सुटे आणि पुढच्या तांबड्या दिव्यापाशी किंचाळून थांबे. मागून रमतगमत आलेल्या गाड्याही तेवढ्यात त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहत. त्याचा अर्थ काय, हे त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं.

गाडी कारखान्याची, पण कामावरून सुटल्यावर त्याच्याच दारात उभी असायची. बाहेरून तो तिला आरशासारखी चकाचक ठेवायचा. पुढे दोन सीट, ड्रायव्हरच्या मागे एक बाकडं आणि त्यामागे चादरींच्या गठ्ठ्यांची जागा. ते बाकडं म्हणजे सासूबाईंची हक्काची जागा.

सासूबाई लेक-जावयाकडेच राहत. हयातभर त्यांनी मोटार शिकवायची शाळा चालवली होती. गावातले निम्मे डॉक्टर, वकील, ट्रकवाले आणि दोन-चार वाहतूक पोलीससुद्धा त्यांच्या हाताखालून गेलेले. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. रस्त्यात कुणी सफाईने गाडी वळवली, की लोक म्हणायचे, 'बाईंचा विद्यार्थी दिसतोय.' आता गुडघे बोलायला लागल्यापासून त्यांना दर आठवड्याला व्यायामासाठी इस्पितळात जावं लागे, आणि जावयाची फेरी तिथूनच जायची. त्या बाकड्यावर बसत, पट्टा लावत, पर्स पोटाशी धरत आणि डोळे मिटून घेत. ते उघडत थेट इस्पितळाच्या फाटकापाशी.

"आईंना माझ्या गाडीत काय झोप लागते!" तो बायकोला कौतुकाने सांगायचा. बायको "हो का" म्हणून तोंड फिरवायची.

एक गोष्ट मात्र त्याच्याही लक्षात आली होती. घरी सासूबाई झोपल्या की अशा घोरायच्या, की शेल्फातले पेले किणकिणावेत. गाडीत त्या कधीच घोरल्या नाहीत. आपल्या गाडीची हवाच त्यांना मानवत असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

*

कारखान्याच्या अंगणात डिझेलचं पिंप होतं. रोज संध्याकाळी पांढऱ्या कॅनमधून प्रत्येक गाडीची टाकी काठोकाठ भरायची, अशी तिथली पद्धत. दुसऱ्या गाडीवर दादा म्हणून एक जुना ड्रायव्हर होता. त्याची टाकी भरून झाल्यावर कॅनच्या तळाशी चांगला तिसरा हिस्सा तेल उरायचं. तुफानच्या टाकीत अख्खा कॅन रिकामा व्हायचा.

मालक हे बरेच दिवस बघत होता. माणूस वाईट नव्हता. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पूर्वी एका ड्रायव्हरने टाकीत नळी घालून त्याचं तेल विकलं होतं, आणि तो ड्रायव्हर मालकाच्या मुलाच्या लग्नात जेवायलाही पुढच्या पंगतीत होता. एका शुक्रवारी मालकाने तुफानला कचेरीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"दोन्ही गाड्या जुळ्या बहिणी," मालक म्हणाला. "एकाच दिवशी घेतल्या. रस्ते तेच, ओझं तेच. दादाचं तेल उरतं, तुझं उरत नाही. मग ते जातं कुठं?"

"गाडीच पीत असणार, मालक."

"गाडी पीत असेल, नाहीतर कुणी विकत असेल. सोमवारी मी टाकीच्या झाकणाला सील लावतो आणि स्वतः तुझ्या शेजारी बसतो. नेहमीची फेरी मारू. संध्याकाळी कॅन काय ते सांगेल. तोवर मी कुणापाशी बोलणार नाही."

तुफान बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. कर नाही त्याला डर कशाला, असं तो वाटभर स्वतःला बजावत राहिला. तो तापट होता, बढाईखोर होता, पण कारखान्यातला एक हातरुमालसुद्धा त्याने कधी घरी नेला नव्हता. चोर हा शब्द मालकाने उच्चारलाही नव्हता, आणि तरी तोच त्याच्या कानात वाजत होता.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "सोमवारी मालक माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज तपासणार. नापास झालो तर नोकरी गेली, आणि वर चोर म्हणून शिक्का."

बायको म्हणाली, "आईला विचारा."

"आईंना? गाडीचं?" त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी काय शिकाऊ आहे?"

"बघा, हेच!" बायको उसळली. "लग्न झाल्यावर पहिल्यांदा आई तुमच्या गाडीत बसली, आणि 'जरा हळू' एवढंच म्हणाली, तर तुम्ही दोन दिवस फुगून बसलात. जेवायला वाढलं तरी ताटाकडे बघेनात. तेव्हा मीच तिच्या पाया पडले, म्हटलं, आई, ह्यांना काही बोल, पण गाडीवरून बोलू नकोस. त्या दिवसापासून तिने तोंड उघडलेलं नाही."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "लेकीच्या संसारात आईने गिअर टाकायचा नसतो, म्हणून गप्प बसले. पण आता गोष्ट तुमच्या नावावर आलीय. जावईबापू, बोलू का? नसेल आवडत तर राहू दे."

तुफानने मान खाली घातली. "बोला, आई."

"मग उद्या सकाळी गाडीत बसू. एक आधीच सांगते, शिकवताना मी कुणाला अहोजाहो करत नाही."

*

सकाळी सासूबाई कमरेला पदर खोचून बाहेर आल्या, आणि त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं त्या घरातच विसरल्या असाव्यात. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. प्रत्येक चाकावर हात ठेवून दबलेल्या रबराकडे बघितलं. "चाकं बसलीत बघ. हवा कमी असली की गाडी रस्त्यावरून धावत नाही, स्वतःला फरफटत नेते. आणि मागे काय भरून ठेवलंयस?"

मागे चादरी वाळवायची मोडकी लोखंडी घोडी होती, जुन्या इस्त्रीयंत्राचं धूड होतं, आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या साखळ्या. "लागेल कधीतरी," तो पुटपुटला.

"रोज उचलून फिरवतोयस, तेव्हा लागतंयच की. डिझेल लागतंय."

मग त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडायला लावला. आतून चादरींच्या धाग्यांचा मऊ, करडा कापूस निघाला, एखादी छोटी उशी भरावी एवढा. धुलाईच्या कारखान्यात दिवसभर उडणारा तो कापूस गाडीने श्वासाबरोबर ओढून घेतला होता. सासूबाईंचा चेहरा कसनुसा झाला. "अरे, हिला दम्याची रोगी करून ठेवलंस. श्वास कोंडलेला माणूस धावेल का? बाहेरून पॉलिश करतोस, आणि आत बघत नाहीस."

त्याने नवा फिल्टर आणून बसवला, चाकांत हवा भरली, लोखंड अंगणात उतरवलं. जुना फिल्टर तो फेकणार होता, पण सासूबाईंनी तो पिशवीत घालून ठेवला. शिकवायच्या शाळेतली त्यांची खोडच होती, बिघडलेली वस्तू पुढच्या विद्यार्थ्याला दाखवायला जपून ठेवायची.

आणि मग त्या त्याच्या शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या सीटवर.

"सोड गाडी. आणि पुढे काय दिसतंय ते बोलत राहा."

"पुढे... टेम्पो आहे."

"टेम्पो मलाही दिसतोय. त्याच्या पुढे?"

"त्याच्या पुढे... सिग्नल. तांबडा आहे."

"मग रेस कशाला देतोयस? तांबड्या दिव्याला भेटायची इतकी घाई? पाय काढ. काढ म्हणते ना! बघ, गाडी आपली आपण चाललीय. गिअरमध्येच राहू दे, न्यूट्रल नको, म्हणजे गाडी ताब्यात राहते आणि तेलही मागत नाही."

गाडी हलके हलके सिग्नलकडे सरकत गेली, आणि पोचेपर्यंत दिवा हिरवा झाला. तुफानला ब्रेकला पायसुद्धा लावावा लागला नाही. त्याला हे जादूसारखं वाटलं, आणि थोडं अपमानास्पदही.

"ब्रेक वाईट नाही," सासूबाई म्हणाल्या. "जीव वाचवायला तो हवाच. पण विनाकारण ब्रेक दाबलास, म्हणजे आधी जाळलेलं तेल रस्त्यावर ओतलंस. नजर लांब ठेव, पाय आपोआप हलका होतो. आता गिअर बदल. इंजिन ओरडायची वाट बघू नकोस, ते कुरकुरायच्या आधीच ऐकायचं असतं."

दोन दिवस त्या दोघांनी गावातले रस्ते घासले. तुफान चुकायचा, चिडायचा, घाम पुसायचा. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून तो पान्हा शोधायला लागला, की सासूबाई हात पुढे करून किल्लीच फिरवायच्या. क्लचवर पाय टेकवून ठेवला, की त्याच्या गुडघ्यावर छत्रीची मूठ बसायची. त्या छत्रीच्या मुठीने गावातले दोन सर्जन घडवले होते, तिथे हा कोण लागून गेला!

रविवारी संध्याकाळी त्याने न राहवून विचारलं, "आई, तुम्ही तर माझ्या गाडीत झोपायचात. मग माझं कुठं काय चुकतं, हे तुम्हाला इतकं कसं माहीत?"

"डोळे मिटत होते रे, झोपत नव्हते. बघवत नव्हतं म्हणून मिटायचे. पण कानांना कुठे पापण्या असतात?" मग त्या जरा मऊ झाल्या. "गाडी चांगली चालवली हे कशावरून ओळखायचं, सांगू? शेजारी बसलेल्याला गाडी कधी सुटली आणि कधी थांबली, ते कळता कामा नये. उतरताना तो 'अरे, आलो पण?' म्हणाला, की समज पास झालास."

*

सोमवारी मालक सील लावून शेजारी बसला. तुफानने जन्मात कधी चालवली नव्हती अशी गाडी चालवली. पाय पिसासारखा, नजर लांब. मालक पहिल्यांदा सावध बसला होता, मग सैल झाला, दुपारी तर त्याने डुलक्याही काढल्या. तुफान मनातून फुलून गेला होता. संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर सील तोडलं, कॅन तिरपा केला, आणि टाकी काठोकाठ भरली तेव्हा कॅनच्या तळाशी तेल डुचमळत होतं. चांगला तिसरा हिस्सा. दादाच्या गाडीइतकंच.

"बघा, मालक!" तुफान विजयाने म्हणाला.

मालक कॅनकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडला होता, जणू हे खोटं ठरावं अशी त्याचीही इच्छा होती. "बघितलं," तो म्हणाला. "मी शेजारी असताना एवढं तेल उरलं. मग मी शेजारी नसताना रोज ते कुठं जात होतं?"

तेव्हा कुठे तुफानला उमगलं. मालकाला चांगली चालवलेली गाडी बघायची नव्हतीच. रोज काय होतं, तेवढंच त्याला बघायचं होतं. गाडी रोजच्यासारखीच तेल प्यायली असती, तर तो सुटला असता. त्याने मेहनत करून, घाम गाळून, सासूच्या छत्रीचा मार खाऊन स्वतःला चोर ठरवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"आज गाडी घेऊन घरी जा, उद्या गाडी आणि किल्ली आणून दे," मालक हळू आवाजात म्हणाला. "पोलिसात जात नाही. बायकामुलांचा धनी आहेस."

घरी त्याने सगळं सांगितलं तेव्हा बायको रडली. सासूबाई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या. "मी तुम्हाला पास करायला गेले," त्या म्हणाल्या, "आणि परीक्षा कसली आहे हेच विचारलं नाही. चूक माझी आहे, जावईबापू. आता निस्तरणारही मीच."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तुफान किल्ली द्यायला निघाला, तेव्हा सासूबाई आधीच तयार होत्या. त्यांनी चाकांतली हवा कमी करवली होती. मोडकी घोडी, इस्त्रीचं धूड, साखळ्या, सगळं जावयाकडून पुन्हा गाडीत चढवून घेतलं. तो काही विचारायला गेला, तर त्यांनी फक्त "चढवा" एवढंच म्हटलं.

कचेरीत जाऊन त्यांनी पिशवीतला जुना फिल्टर मालकाच्या काचेच्या टेबलावर ठेवला. करडा कापूस काचेवर पसरला.

"हे तुमच्याच चादरींचं आहे," त्या म्हणाल्या. "ह्याच्या गाडीच्या छातीत बसलं होतं. मी तपासणीच्या दोन दिवस आधी काढलं, कारण मला वाटलं चांगली चालवून दाखवायची आहे. आता मला एक सांगा. जो माणूस तेल चोरतो, तो तपासणीच्या दिवशी तेल जास्त जाळेल की कमी? चोराला एवढंही कळणार नाही? माझा जावई इतका भोळा आहे, की त्याला चोरी शिकवायची म्हटली तरी वर्ष जाईल."

मालकाच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि आज त्याने मुद्दाम तेल जाळलं, तर मी कसं ओळखू?"

"तो चालवणारच नाही. मी चालवते. हा फिल्टर परत बसवू, झाकणाला सील लावा, आणि तुम्ही शेजारी बसा. मी हुबेहूब ह्याच्यासारखी चालवते. ती ह्याची रोजची चाल आहे की मी नाटक करतेय, ते मला विचारू नका. वाटेतल्या माणसांना विचारा."

मालक हो म्हणाला, ते बहुतेक कुतूहलापोटी. गावात बाईंच्या हाताखालून न गेलेला तो एकटाच असेल.

सासूबाईंनी सीटवर उशी घेतली, चपला काढून ठेवल्या, परवाना पर्समधून काढून मालकाच्या पुढ्यात धरला. मालक पुढे बसला. तुफान मागच्या बाकड्यावर, सासूबाईंच्या जागेवर बसला. किल्ली फिरली, इंजिन गुरगुरलं, आणि गाडीने अशी उडी मारली की मालकाचं डोकं मागे आपटलं.

तुफानने सासूबाईंना कधी वेगाने चालतानाही पाहिलं नव्हतं. आता त्या सिग्नलपाशी रेसवर पाय दाबून गाडी थरथरवत होत्या. हिरवा झाला की झेप, पुढच्या तांबड्याला कचकन ब्रेक. इंजिन ओरडेपर्यंत गिअर तोच. क्लचवर पाय टेकलेला. हॉर्नचे दोन छोटे आणि एक लांब, अगदी त्याची सही असावी तसे. पण नीट पाहिलं तर त्या सगळ्या दंग्यातही पुढच्या गाडीपासून सुटायला जागा राखलेली होती, आणि ती जागा फक्त त्यांच्यासारख्या बाईलाच राखता आली असती. तुफान थक्क झाला. त्याची इतकी हुबेहूब नक्कल त्यालाही जमली नसती.

मग त्याने त्या करायच्या तसं केलं, डोळे मिटले. आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःची गाडी ऐकू आली. इंजिनाचं ओरडणं, ब्रेकचं कण्हणं, मागच्या लोखंडाचा खणखणाट, आणि प्रत्येक हिसक्याला पोटात उठणारी कळ. वर्षानुवर्षं, दर आठवड्याला, दुखरे गुडघे घेऊन त्या इथे बसल्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्याला लाज वाटली, इतकी की डोळे उघडावेसे वाटेनात.

एके ठिकाणी मात्र गाडी अचानक शांत झाली. पाय सुटला, वेग उतरला, हॉर्न नाही. डावीकडे शाळेची भिंत होती.

"इथे का हळू?" मालकाने विचारलं.

"इथे जावईबापू रोज हळू घेतात. एकही दिवस चुकलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "नक्कल करायची तर पुरती करायला हवी."

तुफानला हे माहीतच नव्हतं. म्हणजे आपण इथे हळू घेतो, हे कुणी ऐकलंय, हे त्याला माहीत नव्हतं.

भिंत संपली आणि पुन्हा तुफान सुटलं. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस शिट्टी तोंडात धरून पुढे आला, आणि खिडकीत बाईंना बघून शिट्टी त्याच्या तोंडातून खाली पडली. तो बाईंचा विद्यार्थी होता. पदपथावर आणखी दोघे थबकून बघत राहिले. सासूबाईंचे कान लाल झाले होते, ओठ घट्ट मिटलेले होते. उभ्या हयातीत जपलेलं नाव होतं ते. जावयाचं नाव वाचावं म्हणून त्या स्वतःचं नाव भर चौकात उधळत होत्या, हे तुफानला तेव्हा कळलं.

इस्पितळाच्या फाटकावर पहारेकरी वर्तमानपत्र वाचत बसला होता. हॉर्न वाजला, ब्रेक किंचाळला, आणि त्याने वर न बघताच खुर्ची मागे ओढली, फाटकाचा दांडा उचलला आणि आत हाक दिली, "आला रे तुफान! चादरी काढा!"

मग त्याने वर पाहिलं. स्टिअरिंगमागे उशीवर बसलेली पांढऱ्या केसांची बाई बघून त्याच्या हातून दांडा सुटायचाच बाकी राहिला.

मालक खिडकीतून बाहेर वाकला. "हा रोज असाच येतो?"

"रोज? साहेब, खुर्ची मागे ओढून ओढून तिचे पाय झिजले."

हॉटेलच्या मागच्या दारी चादरी मोजून घेणाऱ्या बाईनेही, गाडी दिसायच्या आधीच, धूळ पडू नये म्हणून चहाच्या पेल्यावर हात धरला होता. मालकाने तिला काही विचारलंच नाही. पुढच्या प्रत्येक थांब्यावर तो फक्त बघत होता आणि एका हाताने दाराची मूठ घट्ट धरून होता.

संध्याकाळी अंगणात सील तुटलं. कॅन तिरपा झाला, रिकामा झाला, तरी टाकी भरेना. पिंपातून आणखी एक मग ओतावा लागला.

"थोडं जास्तच झालं," सासूबाई पाय चोळत म्हणाल्या. "जावईबापू इतकंही वाईट चालवत नाहीत."

अंगणातले सगळे हसले, दादा तर डोळे पुसत हसला. मालक मात्र हसला नाही. तो तुफानसमोर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी तुला चोर समजलो. माझं चुकलं." मग सासूबाईंकडे वळून हात जोडत म्हणाला, "बाई, माझ्या सगळ्या ड्रायव्हरांना शिकवाल का?"

"तुमच्यापासून सुरुवात करू," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी पट्टा न लावता बसला होतात."

*

निघण्याआधी तुफानने न सांगता लोखंड उतरवलं, चाकांत हवा भरली, नवा फिल्टर बसवला. सासूबाईंनी किल्ली त्याच्या हातात दिली. "आता तुम्ही चालवा, जावईबापू," म्हणाल्या आणि सवयीने मागच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. पट्टा लावला, पर्स पोटाशी धरली, डोळे मिटले.

तो निघाला. नजर लांब, पाय हलका. सिग्नलमागून सिग्नल त्याला न थांबवता सोडून देत होते. चौकातल्या पोलिसाने गाडी ओळखली आणि शिट्टी तोंडात धरली, पण वाजवण्याजोगं काही त्याला सापडलं नाही.

शाळेची भिंत मागे पडल्यावर त्याला एक घरघर ऐकू आली. इंजिन? त्याने पाय काढला, कान दिला. इंजिन तर मांजरासारखं शांत होतं. घरघर मागून येत होती, वर चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. त्याने आरशात पाहिलं. सासूबाईंची मान बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं होतं, पर्स मांडीवरून घसरली होती, आणि त्या घरी घोरायच्या तशा, अगदी पेले किणकिणावेत अशा घोरत होत्या.

तुफानचे डोळे भरून आले. समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला म्हणून त्याने वेग आणखी कमी केला.

दारात त्याने गाडी अशी टेकवली, की अंगणातल्या चिमण्यासुद्धा उडाल्या नाहीत. इंजिन लगेच बंद केलं. बायको बाहेर आली, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि तसाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. अंधारून आलं, दिवे लागले, तरी तो हलला नाही.

बऱ्याच वेळाने घोरणं थांबलं. मागे हालचाल झाली. सासूबाईंनी डोळे चोळले, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि झोपाळलेल्या आवाजात म्हणाल्या,

"अरे, आलो पण?"